गाऱ्हाणे आणि वाहक

मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला 'गाऱ्हाणे' हा शब्द बहुधा प्रथम भेटतो तो गौळणींत. दूध-दही घेऊन मथुरेच्या बाजाराला निघालेल्या स्त्रिया, त्यांची वाट अडवणारा कान्हा, फुटलेले माठ, ओढलेला पदर आणि मग यशोदेच्या दारी जाऊन मांडलेले गाऱ्हाणे. ह्या रचनांचा भक्तिपर अर्थ आम्ही नाकारत नाही. जीवाशिवाच्या भेटीचे ते रूपक आहे, हे शाळेपासून आपण शिकत आलो आहोत. परंतु रूपक बाजूला ठेवून केवळ लौकिक सांगाडा पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, त्याची आईच तक्रार ऐकते. ती थोडी रागावते, पुष्कळशी हसते आणि पोराला जवळ घेते. तमाशातल्या गवळणीत तर ही वाट अडवण्याचाच खेळ होतो. तेथे गौळणींच्या बाजूने बोलणारी मावशी असते, पण ती पुरुष नटाने वठवायची आणि प्रेक्षकांनी तिला हसायचे, असा संकेत आहे. रस्त्यावर निघालेल्या बाईचे म्हणणे कोणीतरी मध्यस्थाने ऐकावे, ही कल्पना आपल्या परंपरेत जुनी आहे. तो मध्यस्थ गंभीर असावा, ही कल्पना मात्र बरीच अलीकडची आहे.

ह्या लेखात आम्हांला ह्या दुसऱ्या कल्पनेचा इतिहास पाहायचा आहे, आणि तोही एका मर्यादित जागी : स्वारगेटहून कात्रजकडे जाणाऱ्या सातारा रस्त्यावर, बसमध्ये. साहित्याच्या पानावर बसच्या वाहकाचे काय काम, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की तक्रार ही मुळात भाषेची घटना आहे. कोणी तरी काही तरी बोलतो आणि दुसरा ते कोणत्या तरी शब्दांत समजून घेतो. ते शब्दच नसतील किंवा चुकीचे असतील, तर पुढचा सारा कायदा शोभेचा ठरतो.

समजा, सायंकाळचे साडेसहा वाजले आहेत. बस स्वारगेटहून सुटली आहे, पद्मावती मागे पडली आहे आणि भारती विद्यापीठाकडे जाणारी मुले-मुली दारापर्यंत उभी आहेत. एका मुलीला मागच्या माणसाचा स्पर्श धक्क्याचा वाटत नाही. ती वाहकापर्यंत पोचते. आता तिने काय म्हणायचे? 'हा माणूस त्रास देतोय' हे वाक्य बहुतेक वेळा वापरले जाते, आणि ते इतके पोकळ आहे की त्यात खिडकी बंद न करणारा माणूसही बसतो. 'छेडछाड' म्हणावे, तर त्या शब्दाला थट्टेचा वास आहे. छेड ही काढली जाते आणि तारही छेडली जाते. 'विनयभंग' हा शब्द पोलिसांचा आहे आणि वर्तमानपत्राच्या मधल्या पानाचा. गर्दीच्या बसमध्ये तो स्वतःच्या तोंडाने उच्चारणे म्हणजे सगळ्या बसने आपल्याकडे वळून पाहणे. 'लैंगिक छळ' हा शब्द कायद्याच्या भाषांतरातून आला. तो अचूक आहे, पण धावत्या बसमध्ये कोणी तो उच्चारल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही. परिणामी मुलगी 'त्रास' म्हणते, वाहक 'जरा सरकून उभे राहा' म्हणतो, दोन वेळा घंटी वाजते आणि बस पुढे जाते.

ह्याला आमची साहित्यभाषाही जबाबदार आहे. रस्त्यावर मुलींच्या मागे लागणाऱ्या तरुणांना मराठी नियतकालिकांनी 'सडकसख्याहरी' असे नाव दिले आणि पुढे 'रोडरोमिओ' हा शब्द रूढ झाला. दोन्ही शब्द विनोदी आहेत आणि दोन्ही प्रेमकथांतून उचललेले आहेत. एक गोकुळातून आला, दुसरा व्हेरोनातून. ज्याच्यापासून मुलगी पळते आहे त्याला प्रियकराचे नाव देण्यात जी गफलत आहे, ती शब्द घडवणाऱ्यांच्या ध्यानात आली नसावी, किंवा आली असली तरी तिचे त्यांना काही वाटले नसावे. पु. ल. देशपांडे यांच्या 'म्हैस'मध्ये एसटीतल्या पुरुष उतारूंच्या नजरा एका तरुण स्त्रीभोवती कशा घोटाळतात, ते फार मार्मिकपणे आले आहे, आणि आम्ही सारे पिढ्यान्‌पिढ्या त्याला हसत आलो. हसू नये, असे आमचे म्हणणे नाही. त्या कथाकथनात हसे मुख्यतः त्या पुरुषांचेच होते. परंतु त्या बाईला तो प्रवास कसा वाटला असेल, हा प्रश्न मराठी विनोदाने फारसा विचारलेला नाही, एवढे नोंदवून पुढे जाऊ.

गंभीर नाटकाचीही कथा निराळी नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ साली रंगभूमीवर आले आणि १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. महाभारतातील सैरंध्री ही राजवाड्यात नोकरीला राहिलेली बाई. राणीचा भाऊ तिच्या मागे लागतो. ती थेट राजसभेत दाद मागते आणि राजा विराट काही करत नाही, कारण आरोपी त्याचा सेनापती व मेहुणा आहे. नोकरीच्या जागी होणाऱ्या छळाची आणि नाकारलेल्या तक्रारीची ह्याहून नेमकी कथा कोठे सापडणार? पण प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन पाहिला, सरकारनेही तोच पाहिला आणि समीक्षेने पुढे शंभर वर्षे तेच शिकवले. सैरंध्री ही परतंत्र भारतमाता झाली. बाईची तक्रार रूपकाने गिळली, ती गौळणीत आणि इथेही.

पुण्यापुरते बोलायचे तर ह्या शहरातील रस्त्यावरच्या छळाचा सर्वांत ठाऊक असलेला प्रसंग सावित्रीबाई फुले यांचा आहे. १८४८ नंतरच्या काळात शाळेत शिकवायला जाताना त्यांच्यावर शेणमाती फेकली जाई. दुसरे लुगडे जवळ बाळगण्याची युक्ती पाठ्यपुस्तकांतून आपण सर्वांनी वाचली आहे. तिच्यातले धैर्य आपण शिकवतो. तक्रार नेण्याजोगी जागाच तेव्हा नव्हती आणि सारा उपाय पीडितेलाच आपल्या पिशवीतून न्यावा लागला, हे मात्र शिकवायचे राहून जाते. आजही मुलींना सेफ्टीपिन जवळ ठेव, बॅग पुढे धर, असे सांगितले जाते. ही त्या दुसऱ्या लुगड्याचीच परंपरा होय.

सार्वजनिक वाहन आल्यावर मात्र परिस्थितीत एक मूलभूत फरक पडला. रस्ता कोणाचाच नसतो, बस कोणाची तरी असते. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. १९५० पासून पुणे महानगरपालिकेची पीएमटी शहरात धावू लागली आणि २००७ साली पीएमटी व पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी मिळून पीएमपीएमएल झाली. ह्या सर्व वाहनांत गणवेशातला, बिल्ला लावलेला, नाव-क्रमांक असलेला एक मनुष्य सतत हजर असतो. स्त्रीला घराबाहेर भेटणारी, तिकिटाच्या बदल्यात तिच्या प्रवासाची जबाबदारी घेतलेली, शासनाची ती सर्वांत जवळची व्यक्ती होय. मराठीने त्याला 'वाहक' हा शब्द दिला. उतारूंनी तो वापरला नाही, ते कंडक्टरच म्हणत राहिले, पण शब्द चांगला आहे.

ह्या वाहकाचे शिक्षण कशाचे होते? तिकिटाचे, टप्प्यांचे, रोकड जुळवण्याचे. त्याचा मुख्य कागद म्हणजे वेबिल, आणि वेबिल हा हिशोबाचा कागद. तपासनीस मध्येच चढला तर तो पैसे आणि तिकिटे ताडून पाहतो. पाच रुपये कमी भरले तर लेखी जाब द्यावा लागतो. एखादी मुलगी बालाजीनगरला उतरायची ती दोन थांबे आधीच रडवेली होऊन उतरली, ह्याचा जाब कोणी विचारत नाही, कारण ती गोष्ट कोणत्याच रकान्यात येत नाही. वाहकांत सज्जनांची वाण नव्हती. खोडसाळ माणसाला कॉलर धरून उतरवणारे वाहक जुन्या पुणेकरांना आठवतील. पण ते त्या त्या माणसाच्या स्वभावाचे औदार्य होते. नोकरीच्या कामात ते मोडत नव्हते, आणि जे कामात मोडत नाही ते नव्या भरतीला शिकवले जात नाही.

आता कायद्याकडे वळू, कारण ते काम वाहकाचे आहे असे प्रथम स्पष्टपणे सांगितले ते न्यायालयाने. हकीकत तमिळनाडूतील आहे. १९९९ साली तेनकाशीच्या बसस्थानकावर नवऱ्यासोबत बसची वाट पाहणाऱ्या एका स्त्रीशी एका पोलिसानेच गैरवर्तन केले. फौजदारी खटल्यातून तो सुटला, नोकरीतून काढला गेला होता, आणि नोकरी परत मिळावी म्हणून भांडत प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचले. ३० नोव्हेंबर २०१२ रोजी न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन आणि दीपक मिश्रा यांनी त्याची बडतर्फी कायम केली आणि जाता जाता सर्व राज्यांसाठी काही निर्देश दिले. बसस्थानकांवर साध्या वेशातील महिला पोलीस नेमावेत, मोक्याच्या जागी कॅमेरे बसवावेत, ही त्यांतली नेहमीची कलमे झाली. आमच्या विषयाचे कलम निराळे आहे. सार्वजनिक वाहनात असा प्रकार घडला आणि पीडित व्यक्तीने तक्रार केली, तर वाहनावरील कर्मचाऱ्यांनी ते वाहन जवळच्या पोलीस ठाण्यात न्यावे व माहिती द्यावी. तसे न केल्यास वाहनाचा परवाना रद्द व्हावा. हा निकाल लागला त्यानंतर सोळाव्या दिवशी, १६ डिसेंबर २०१२ च्या रात्री, दिल्लीत एका खासगी बसमध्ये जे घडले ते सर्वांना ठाऊक आहे. त्या बसमधील कर्मचारीच गुन्हेगार होते. देश हादरला, न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये अहवाल दिला, दंडसंहितेत ३५४-अ ते ३५४-ड ही कलमे आली आणि तेनकाशीचा निकाल त्या गदारोळात विसरला गेला.

तो निर्देश आम्हांला महत्त्वाचा वाटतो, निर्दोष मात्र वाटत नाही. सातारा रस्त्यावरच तो लावून पाहावा. साडेसहाची बस, आत साठ-सत्तर माणसे. मुलीने तक्रार करताच बस ठाण्याकडे वळवायची. कोणत्या? ह्या एका मार्गावर स्वारगेट, सहकारनगर आणि भारती विद्यापीठ अशा ठाण्यांच्या हद्दी एकापाठोपाठ येतात, आणि धावत्या बसमधला गुन्हा नेमका कोणत्या हद्दीत घडला हे सांगणे कोणालाच शक्य नाही. कोणत्याही ठाण्यात फिर्याद नोंदवून घेतलीच पाहिजे, हे 'झिरो एफआयआर'चे तत्त्व १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलमातच आले आहे, हे वाहकाला माहीत असेल तर हद्दीचा घोळ मिटतो. पण दुसरी अडचण राहते. बस वळली की साठ उतारूंचा उशीर त्या मुलीच्या नावावर जमा होतो. 'एवढ्याशा गोष्टीसाठी?' हा प्रश्न कोणीतरी मोठ्याने विचारतो. तिला ठाण्यात जायचेच आहे का, हे तर कोणी विचारलेलेच नसते. तिला कदाचित एवढेच हवे असेल की तो माणूस उतरावा, किंवा तो उतरेल त्या थांब्यावर आपण उतरू नये, किंवा कात्रजला पोचल्यावर घरचे कोणी येईपर्यंत नियंत्रकाच्या खोलीत बसता यावे. निर्देशाने वाहकाला कर्तव्य दिले, पण तिचे म्हणणे ऐकण्याची पायरी त्यात आली नाही. प्रशिक्षणाचे काम नेमके तेथून सुरू होते.

असे प्रशिक्षण ही अपूर्वाईची गोष्ट नाही. दिल्लीत जागोरी ह्या स्त्रीसंघटनेने २००७ च्या सुमारास दिल्ली परिवहन महामंडळाबरोबर चालक-वाहकांसाठी असे काम सुरू केले. लंडनमध्ये २०१३ साली वाहतूक यंत्रणा आणि तिन्ही पोलीस दलांनी मिळून 'प्रोजेक्ट गार्डियन' हाती घेतले. त्यात भर नव्या कायद्यावर नव्हता. स्त्रियांनी तक्रार करावी आणि ती करणाऱ्याला नीट ऐकणारा माणूस भेटावा, ह्यावर होता. आणि ह्या विषयात पुण्याने मागे राहावे असे काही कारण नव्हते, कारण देशभरच्या परिवहन उपक्रमांच्या अधिकाऱ्यांना शिकवणारी केंद्रीय सडक परिवहन संस्था १९६७ पासून भोसरीजवळ उभी आहे. पुण्याने काय केले? २००६ च्या डिसेंबरात कात्रज-स्वारगेट-हडपसर हा देशातील पहिला प्रायोगिक जलद बसमार्ग सुरू केला, ज्यात थांबे रस्त्याच्या मधोमध आले. ८ मार्च २०१८ रोजी केवळ महिलांसाठी 'तेजस्विनी' बस सुरू केल्या. २०१९ पासून देशभर नव्या सार्वजनिक वाहनांत संकटकाळचे बटण सक्तीचे झाले. ह्यांतले प्रत्येक पाऊल लोखंडाचे, काँक्रीटचे किंवा वेळापत्रकाचे आहे. 'तेजस्विनी'चे आम्ही स्वागतच केले होते, परंतु वेगळी बस देण्यात एक कबुली दडलेली असते : उरलेल्या बसमध्ये आम्ही हमी देत नाही.

२५ फेब्रुवारी २०२५ ची पहाट ह्या सगळ्याच्या पार्श्वभूमीवर पाहावी लागते. स्वारगेट एसटी स्थानकावर फलटणच्या गाडीची वाट पाहणाऱ्या सव्वीस वर्षांच्या एका स्त्रीला एका माणसाने 'ताई' म्हणून हाक मारली, तिची गाडी दुसरीकडे लागली आहे असे सांगितले आणि उभ्या असलेल्या 'शिवशाही' बसमध्ये नेऊन तिच्यावर बलात्कार केला, अशी फिर्याद आहे. तो कर्मचारी नव्हता. त्याने फक्त कर्मचाऱ्याची भाषा वापरली : गाडी कोठे लागते हे ठाऊक असलेल्याची, आणि नात्याच्या संबोधनाची. पहाटे एकटीने प्रवास करणारी बाई ज्या दोन गोष्टींवर विसंबते, त्या दोन्ही त्याने उसन्या घेतल्या. प्रकरण उघडकीस आल्यावर सुरक्षारक्षक बदलण्याचे आदेश निघाले, स्थानकांच्या सुरक्षेच्या तपासणीची घोषणा झाली. आणि गृहखात्याच्या राज्यमंत्र्यांनी घटनेच्या वेळी झटापट किंवा विरोध झाला नाही, म्हणून आसपासच्या लोकांना कळले नाही, अशा आशयाचे उद्गार काढले, त्यावर टीकेचे मोहोळ उठले.

हे उद्गार ऐकताना इतिहासाच्या अभ्यासकाला देसाईगंज आठवते. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील त्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत म्हणून दोन्ही पोलिसांना सोडले. त्यावर चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार हे तिघे दिल्ली विद्यापीठातले, आणि चौथ्या वसुधा धागमवार ह्या पुण्याच्या. त्या पत्रातून उभ्या राहिलेल्या चळवळीने १९८३ साली कायदा बदलला. विरोध न करणे म्हणजे संमती नव्हे, हे वाक्य महाराष्ट्राने देशाला शिकवले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. त्याच महाराष्ट्रात, धागमवारांच्या पुण्यात, चार दशकांहून अधिक काळाने ते पुन्हा सांगावे लागले. मंत्र्यांना जे ठाऊक असावे ते ठाऊक नसेल, तर पहाटे चारला कामावर आलेल्या वाहकाकडून आपण कोणत्या तोंडाने अपेक्षा ठेवावी?

तरीही ठेवावी लागते. आणि वाहकाची बाजूही मांडावी लागते, कारण ती फारशी कोणी मांडत नाही. आज वाहकांत स्त्रिया आहेत. गर्दीतून वाट काढत तिकिटे फाडणाऱ्या ह्या बाईला उतारूंहून अधिक धक्के सोसावे लागतात. २०१३ च्या कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळविरोधी कायद्यानुसार बस हे तिचे कामाचे ठिकाण आहे, आणि त्या कायद्याचे एकोणिसावे कलम मालकावर अशी जबाबदारी टाकते की कामाच्या जागी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या व्यक्तींपासूनही तिला सुरक्षित ठेवावे. बाहेरच्या व्यक्ती, म्हणजे उतारू. हे कलम किती आगारांच्या भिंतीवर लागले आहे, हे वाचकांनीच जाऊन पाहावे. शिवाय २०१९ पासून पुण्यात विजेवर चालणाऱ्या बस आल्या, त्यांचे चालक कंत्राटदाराचे असतात. एकाच बसमध्ये चालक एकाचा नोकर आणि वाहक दुसऱ्याचा. प्रशिक्षण कोणी कोणाला द्यायचे, हा प्रश्न करारनाम्यात सुटला नाही तर थांब्यावर सुटत नाही.

काय शिकवायचे, ह्याविषयी फार गूढ काही नाही. आधी बाईला आणि त्या माणसाला एकमेकांपासून दूर करावे. 'तुम्ही काही बोलला होतात का', 'एवढ्या गर्दीत कशाला चढलात' हे प्रश्न विचारू नयेत. तिला काय हवे ते हळू आवाजात विचारावे, सगळ्या बसला ऐकू जाईल असे नव्हे. वेळ, थांबा आणि गाडीचा क्रमांक लिहून घ्यावा. बसमध्ये कॅमेरा असल्यास त्याचे चित्रण पुसले जाण्यापूर्वी आगाराला कळवावे. तिने होकार दिला तर ११२ ला फोन करावा. आणि ह्या सगळ्यात गेलेल्या वेळेबद्दल वाहकाला फेरी चुकल्याचा दंड बसू नये. हे शेवटचे कलम नसेल तर आधीची सगळी वाया जातात, असे आम्हांला वाटते. सज्जन माणसाला सज्जनपणाची किंमत पगारातून मोजावी लागत असेल, तर त्याला व्याख्यान देणे हा एक प्रकारचा दंभ आहे.

जाता जाता पुन्हा शब्दाकडे. १८६० च्या दंडसंहितेतील ३५४ व्या कलमासाठी मराठीने 'विनयभंग' हा शब्द घेतला, आणि २०२३ च्या न्यायसंहितेत कलमाचा क्रमांक ७४ झाला तरी शब्द तोच राहिला. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये काढलेल्या हस्तपुस्तिकेने 'ईव्ह टीझिंग' हा शब्द टाकून द्यावा असे सुचवले. 'विनयभंगा'चा विचार मराठीनेच करायचा आहे. विनय म्हणजे लाज, बाईची लाज, असा अर्थ आपण गृहीत धरतो. संस्कृतात आणि पालीत मात्र विनय म्हणजे शिस्त, वळण, शिक्षण. बौद्ध भिक्षूंच्या आचारनियमांचे पिटक ते विनयपिटक. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे पहिले अधिकरण विनयाधिकारिक, म्हणजे राजाच्या प्रशिक्षणाचे. ह्या जुन्या अर्थाने पाहिले तर बसमधल्या त्या प्रसंगात विनय मोडलेला असतो तो त्या पुरुषाचा. मुलीचे काहीही भंगलेले नसते. कोशातला हा अर्थ एखाद्या आगारातल्या वर्गात फळ्यावर लिहून सांगितला, तर वाहकांना तो आपल्यापेक्षा लवकर पटेल अशी आमची समजूत आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने स्वारगेट ते कात्रज ह्या सुमारे साडेपाच किलोमीटरच्या भुयारी मेट्रोला मंजुरी दिली. मेट्रोच्या डब्यात वाहक नसतो. दाराशेजारी एक बटण असते, ते दाबले की पलीकडून एक आवाज येतो, आणि त्या आवाजाच्या मालकाला मुलीचा चेहरा प्रत्यक्ष दिसत नाही. तो आवाज पहिला प्रश्न कोणता विचारणार आहे, हे मार्ग खोदून होण्यापूर्वी ठरवता येण्याजोगे आहे.